वेगाची शिल्लक

व्यापारी घरातील मुलाला 'मागील शिल्लक पुढे ओढणे' म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागत नाही. आजची अखेरची शिल्लक हीच उद्याची आरंभीची शिल्लक. अवकाशातील गतीचा हिशेबही असाच चालतो. माझ्या पुतण्याने रचलेल्या एका पटावरच्या खेळाची परीक्षा घेताना याचा मला चांगला प्रत्यय आला.

आमच्या मिरजोळ्याला विमानतळ आहे. येथे उतरणारे विमान हवेच्या आधाराने कलते आणि वळते. मिरकरवाडा बंदरातील होडीचे इंजिन बंद केले की पाण्याच्या विरोधामुळे ती थोड्याच अंतरावर थांबते. अवकाशात ना हवा, ना पाणी. तेथे इंजिन बंद केले तरी यान पुढे जातच राहते. थांबायचे असेल तर उलट दिशेने जोर लावावा लागतो. २४ सप्टेंबर २०१४ रोजी आपले मंगळयान मंगळाजवळ पोहोचले, तेव्हा केवळ वेग कमी करण्यासाठी त्याचे मुख्य इंजिन सुमारे २३ मिनिटे चालवावे लागले होते. अन्यथा ते मंगळाला मागे टाकून निघून गेले असते.

चित्रपटांतील याने मात्र विमानांप्रमाणे गिरक्या घेतात. पुतण्याला ते मान्य नव्हते. अमेरिकेत १९७३ साली 'ट्रायप्लॅनेटरी' हा खेळ निघाला. त्यात यानाचा मार्ग नकाशावर पेन्सिलीने रेखाटीत जावे लागे. त्याच विचाराने पुतण्याने दोन यानांच्या लढाईचे नियम लिहिले. पट षट्कोनी घरांचा. मागच्या चालीत यान ज्या दिशेने जितकी घरे सरकले, तितकीच याही चालीत सरकणार. एक माप इंधन खर्चले तर मुक्कामाचे घर एका घराने बदलता येते. इंधन मोजकेच, त्यामुळे जो हौसेने वेग घेतो त्याला थांबण्यासाठीही तेवढेच राखून ठेवावे लागते.

त्याने स्वतःच्या बचतीतून दोनशे प्रती छापण्याचे ठरविले होते; छपाईचे दरपत्रकही आले होते. तेव्हा दुकान सांभाळणारे माझे धाकटे बंधू म्हणाले, "दादा, तुम्ही जन्मभर कर्जप्रकरणे तपासलीत, हेही एकदा तपासा."

बँकेत ज्याने व्हाउचर तयार केले, त्यानेच ते मंजूर करायचे नसते. कारण कागदावर जे राहून गेले, ते तयार करणाऱ्याच्या मनात असतेच. त्याला उणीव दिसत नाही. म्हणून मी एकच अट घातली. शेजारचे एक निवृत्त शिक्षक आणि मी केवळ लिहिलेले नियम वाचून खेळणार. पुतण्याने जवळ बसावे, पण बोलू नये.

पहिल्याच संध्याकाळी घोटाळा सापडला. दोन याने समोरासमोर, मध्ये नऊ घरांचे अंतर, प्रत्येकाचा वेग नऊ घरे. तोफेचा पल्ला सहा घरे, आणि अंतर मोजायचे ते चाल संपल्यावर. चाल झाली, याने एकमेकांच्या अंगावरून गेली आणि पलीकडे पुन्हा नऊ घरांवर जाऊन पोहोचली. एकही गोळा सुटला नाही! त्यानंतर वेग आवरण्यातच दोघांचे इंधन सरत आले आणि एक यान पटाच्या कडेबाहेर गेले. त्याचे पुढे काय करायचे, याबद्दल नियमांत अक्षरही नव्हते. पुतण्या ओठ घट्ट मिटून बसला होता.

घरच्या माणसांनी कौतुक करावे ही रीतच आहे, आणि ते मीही केले. पण सापडलेल्या सात उणिवा क्रमांक घालून लिहून दिल्यावर. दोन दिवस तो माझ्याशी फारसा बोलला नाही. तिसऱ्या दिवशी दुरुस्त नियम घेऊन आला. आता अंतर चालीच्या मध्यावरही मोजायचे होते आणि कडेबाहेर गेलेले यान बाद धरायचे होते. छपाईवाल्याला त्याने 'तूर्त थांबा' असे कळविले होते. पैसे अद्याप दिलेले नव्हते, म्हणून थांबणे स्वस्तात झाले. प्रती छापून झाल्यावर हीच चूक कळली असती, तर दोनशे पेट्या दुकानाच्या माळ्यावर पडून राहिल्या असत्या.

घेतलेला वेग आपोआप ओसरत नाही. तो उतरविण्याची तरतूद आधीच करावी लागते. हे मुलाला भाषण देऊन सांगावे लागले नाही, त्याच्याच पटाने सांगितले. सध्या नियमांचा चौथा मसुदा साध्या कागदावर आहे. पुढच्या रविवारी तो एका अनोळखी कुटुंबाच्या हाती जाणार आहे, आणि पुतण्या पुन्हा गप्प बसणार आहे.