भिंतीवरचा तारपा आणि पाच नावं

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात. आमचं तीन दिवस चाकांवर होतं. भाच्याने कॅराव्हॅन भाड्याने आणली होती. आत झोपायची जागा, छोटा ओटा, चक्क न्हाणीघरसुद्धा! मी म्हटलं, "आपण पालघर-बोईसर बघू या." तो हसला. "मावशी, तिथे बघण्यासारखं काय आहे?" जिथे मी इतकी वर्षं शिकवलं, त्या गावाबद्दलचा हा प्रश्न झोंबलाच, बरं का!

आधी पालघरच्या हुतात्मा स्तंभापाशी गेलो. १४ ऑगस्ट १९४२ रोजी 'छोडो भारत' आंदोलनाचा मोर्चा इथल्या कचेरीवर चालून आला. गोळीबार झाला आणि पाच जण गेले. पागधरे, ठाकूर, तिवारी, चुरी, मोरे. यातली कितीतरी आडनावं माझ्या हजेरीपटात असायची. भाच्याला म्हटलं, "मोठ्याने वाच." वाचताना त्याचा आवाज आपोआप खाली आला. दगडावर कोरलेल्या नावाची ताकद ही अशी असते.

पुढे बघावं तिकडे वारली चित्रं. कुंपणाच्या भिंती, शाळा, दुकानांच्या पाट्या... २०१४ साली पालघर जिल्हा झाला तेव्हापासून तर ही जिल्ह्याची ओळखच झाली आहे. एका भिंतीवर तारपा नाचाचं मोठं वेटोळं होतं, पण मध्ये तारपा वाजवणाराच नव्हता! वारली नाचात तारपकऱ्याला कुणी पाठ दाखवत नाही, सगळं वेटोळं त्याच्याभोवती फिरतं. ज्याने ती भिंत रंगवली, त्याने तो नाच पाहिलेला नसावा. नुसती नक्षी उतरवली.

बोईसरला एका सोसायटीच्या भिंतीपाशी मात्र एक तरुण खरंच रंगवत बसला होता. गेरूच्या रंगावर पांढरी रेघ, हात जराही थांबत नव्हता. डहाणूकडचा. त्याची आजी लग्नाचा चौक लिहायची. तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहितात, मध्ये पालघट देवी. मी विचारलं, "नाव कुठे लिहिणार?" तो म्हणाला, "बाई, चौकावर कुठे नाव लिहितात?"

मी गप्पच झाले.

रात्री चिंचणीच्या किनाऱ्याजवळ गाडी लावली. भाचा केव्हाच झोपला. मला मात्र त्याचं ते उत्तर सोडेना. बरोबरच होतं त्याचं. चौक देवीसाठी असतो, तिथे सही कसली? पण पाड्यावर सगळ्यांना ठाऊक असतं, हा हात कुणाचा. बोईसरच्या रस्त्यावरून कारखान्यात जाणाऱ्या हजारो माणसांना ते कसं कळणार? चौक पाड्यावरून रस्त्यावर आला, ओळख मागेच राहिली.

गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी लग्नाच्या चौकाबाहेर ही कला नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांचं नाव जगाला कळलं म्हणून वारली कला जगाला कळली. २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे मुलखाचं नाव कागदावर लागलं, माणसाचं नाव भिंतीवर अजून लागायचं आहे. आणि नाव लिहायचं ते नुसत्या कौतुकासाठी नाही. खाली नाव असलं की तारपकऱ्याला विसरून चालत नाही!

असो. मास्तरकी जात नाही म्हणतात, तेव्हा एक छोटा गृहपाठ देते. आपल्या सोसायटीची, शाळेची भिंत कधी वारली चित्रांनी रंगवून घेतलीत, तर कोपऱ्यात वीतभर जागा ठेवा. आणि रंगवणाऱ्याला विचारा, "तुमचं नाव आणि पाडा कोणता?" त्याने नको म्हटलं तर राहू द्या. पण विचारा जरूर.