माझं बिल वेगळं

हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात साडेबारा वाजले की सगळ्यांचे मोबाइल बाहेर निघतात. कुणी बिर्याणी मागवतं, कुणी थाळी. डिलिव्हरी आणि टॅक्स धरून माणशी अडीचशे रुपये सहज जातात. मी मटकीची उसळ आणि पोळीचा डबा उघडतो. ‘चिंगूस’ हे नाव पहिल्याच महिन्यात पडलं. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही.

जड गेलं ते वेगळंच. ही माणसं मनानं चांगली आहेत. रात्री-बेरात्री काम अडलं तर यांच्यातलंच कुणीतरी माझ्यासाठी जागं राहतं. अशा माणसांनी शुक्रवारी संध्याकाळी “चल रे बाणेरला” म्हटलं, की नकार खर्चाला न जाता त्यांनाच गेल्यासारखा वाटतो. तिथे निश्चय-बिश्चय काही कामाला येत नाही.

मला टिकवलं ते गृहकर्जाच्या वेळापत्रकानं. कर्ज 30 लाखांचं, व्याज साडेआठ टक्के, मुदत 20 वर्षं. हप्ता साधारण 26,035 रुपये. त्यातले पहिल्या महिन्यात 21,250 रुपये नुसत्या व्याजात गेले, मुद्दल फिटलं जेमतेम 4,785. मग एक्सेल उघडून बसलो. दर तोच राहील असं धरून सुरुवातीपासून दरमहा 5,000 रुपये जास्त भरले, तर कर्ज साडेतेरा वर्षांच्या आसपास संपतं. आणि हे 5,000 कुठले? रोजचे अडीचशे, महिन्याचे कामाचे 20 दिवस. म्हणजे दुपारचं जेवण विरुद्ध साडेसहा वर्षांचे हप्ते! त्यातून माझं कर्ज फ्लोटिंग दराचं. अशा गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व परतफेडीचा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेची बंदी आहे. जास्तीचे पैसे थेट मुद्दलातून वजा होतात. मुदत कमी करायची की हप्ता, एवढं मात्र बँकेला स्पष्ट सांगावं लागतं. मी मुदत सांगितली.

पार्टीला अजूनही जातो, दर वेळी नाही. ऑर्डर द्यायच्या आधीच सांगतो, “माझं बिल वेगळं.” बिल आल्यावर हे सांगणं फार वाईट दिसतं, आधी सांगितलं की कुणाच्या लक्षातही राहत नाही. लिंबू सोडा पिऊन दुसऱ्यांच्या व्हिस्कीची सरसकट वाटणी भरणं हा मला भिडस्तपणा वाटतो, मैत्री नाही. पण वाढदिवसाची वर्गणी, हाउसकीपिंगच्या मावशींची दिवाळी, कुणाच्या घरचं आजारपण, इथे हात आखडत नाही. तिथे वाचवलेला पैसा काटकसरीत धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्यावर गृहकर्ज असेल, तर बँकेकडून परतफेडीचं वेळापत्रक मागून घ्या आणि पहिल्या पानावरचा व्याजाचा रकाना तेवढा वाचा. जेवण त्यानंतर मागवा.