तयार घ्यावा की घरी जोडावा?

मैत्रिणींनो, मसाला घरी कुटावा की विकतचा आणावा, यावर आपण तासन् तास बोलू शकतो. पण घरात संगणक घ्यायचा म्हटलं की बहुतेकजणी "तुम्हाला योग्य वाटेल तो आणा" म्हणून मोकळ्या होतो. वास्तविक प्रश्न तोच आहे. तयार आणायचा, की सुटे भाग आणून घरी जोडायचा?

हा प्रश्न घरगुती संगणकाइतकाच जुना. जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' नावाचा संगणक झळकला. त्याच्या सुट्या भागांचा संच ३९७ डॉलरना होता. जोडून हवा असेल तर जास्त पैसे. संच घेणाऱ्याला घरी बसून डाग देत बसावं लागे. आता तसं नाही. प्रत्येक भाग आपापल्या खाचेत बसवायचा नि स्क्रू आवळायचे. शिवणयंत्राची बॉबिन जिला बसवता येते तिला हे जमण्यासारखं आहे.

आमच्या साताऱ्याच्या घरी आधी एका कंपनीचा तयार डबा होता. पाचव्या वर्षी त्याचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारी पेटी, गेली. बाजारात एसएमपीएस हवे तेवढे मिळतात, पण आमच्या डब्यातल्या पेटीचं माप वेगळं, तिच्या वायरीचं टोकही वेगळं. सेवाकेंद्राने "हा भाग आता येत नाही" म्हणून हात झटकले. एका पेटीपायी चांगलं चाललेलं यंत्र अडगळीत! तयार यंत्रांपैकी काहींची अशी स्वतःपुरती मापं असतात. घेताना ते कुणी सांगत नाही, आपणच विचारायचं.

तेव्हा या खेपेला जोडायचा, असं २०२४ च्या दिवाळीत ठरलं. कल्पना नववीतल्या लेकीची. भागांची यादी तिने केली, कुठला भाग कुठल्याशी जुळतो हे वहीत लिहून काढलं. आमच्या यांना जोडायला हरकत नव्हती, पण "४५ हजारांचं सामान हिच्या हाती? त्यापेक्षा भाच्याला बोलावू, तो इंजिनिअरिंगला आहे," असं त्यांचं म्हणणं. सासूबाईंनी मान डोलावली. लेक काही बोलली नाही, वही मिटून आत गेली. मला मात्र राहवेना. मुलांनी स्क्रू फिरवायचा नि मुलींनी बॅटरी धरून उभं राहायचं, हे मी लहानपणापासून पाहत आलेय. बॅटरी मी पुष्कळ धरली. मी म्हटलं, "भाचा फराळाला जरूर येऊ दे. संगणक ही जोडेल." यांनी एकदा माझ्याकडे, एकदा मिटलेल्या दाराकडे पाहिलं नि पैसे काढून दिले.

माझं माहेर गिरगावात, त्यामुळे लॅमिंग्टन रोड चालत जाण्याच्या अंतरावर. (पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते विचारलंत तर लोक तोंडाकडे बघतात.) लेकीने वही उघडून भाव विचारायला सुरुवात केली तेव्हा दुकानदार आधी माझ्याशी बोलत होता, दहा मिनिटांनी तिच्याशी बोलू लागला. जुना पडदा नि कळफलक चालण्यासारखे होते, म्हणून ते घेतले नाहीत. निघताना तो म्हणाला, "मॅडम, विंडोज टाकून देतो, वेगळे पैसे नकोत." असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. ती बहुधा चोरीची प्रत असते. आम्ही उबुंटू घातलं, ते रीतसर फुकट आहे. विंडोज हवंच असेल तर त्याचा परवाना हिशेबात धरा, आणि मग जोडलेल्या संगणकाची स्वस्ताई बरीचशी विरघळते. पैसे वाचवण्यापुरताच हा खटाटोप करणार असाल तर करू नका, असंच मी सांगेन.

जोडायच्या दिवशी मी सुती साडी नेसले. हसू नका! नायलॉनच्या घर्षणाने अंगात वीज साठते, आणि हाताला झटका जाणवणारही नाही एवढ्या विजेने नाजूक भाग जळू शकतो. आधी डब्याच्या उघड्या धातूला हात लावायचा, मग भागांना. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर बारीक त्रिकोण असतो, तो खाचेजवळच्या त्रिकोणाशी जुळवून नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. रॅम मात्र टक् असा आवाज होईपर्यंत दाबायची. प्रोसेसरवर मटाराच्या दाण्याएवढा उष्णतेचा लेप नि वर पंखा. स्क्रू हरवू नयेत म्हणून वाटीत ठेवलेले. मी फक्त पुस्तिकेतली बारीक अक्षरं वाचून दाखवत होते.

कळ दाबली. पंखा फिरला, पडदा काळाच. एक मिनिट गेलं, दोन गेली. हे येऊन मागे उभे राहिले. भाचा "वायर काढून बघू का?" म्हणून पुढे सरसावला. लेक म्हणाली, "दादा, थांब. नवी डीडीआर ५ रॅम पहिल्यांदा ओळखायला बोर्डाला वेळ लागतो. मध्येच बंद करायचं नाही." चौथ्या मिनिटाला पडद्यावर अक्षरं आली. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

हे सगळं वाचून तुम्ही दुकानात धावाल, म्हणून दुसरी बाजूही सांगते. तयार यंत्र बिघडलं तर कंपनीला एक फोन पुरतो, बऱ्याचदा माणूस घरी येतो. जोडलेल्यात प्रत्येक भागाची हमी वेगळी. काय बिघडलं ते आपण ओळखायचं, तो भाग सोडवायचा आणि ज्याचा त्याला नेऊन द्यायचा. म्हणून पावत्यांची फाईल नि रिकामी खोकी माळ्यावर जपून ठेवावी लागतात. ज्या घरात डबा उघडायला कुणीच तयार नाही, त्या घराने तयारच घ्यावा. जागा कमी नि वीज वरचेवर जात असेल तर लॅपटॉप बरा, मात्र त्यात जोडाजोडीला फारसा वाव नाही. पुष्कळांत रॅमसुद्धा बोर्डालाच डाग दिलेली असते, नंतर वाढवता येत नाही. शिवाय भावही पाहावा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांकडे माल वळल्यामुळे २०२५ च्या अखेरीला रॅमचे भाव भडकले. अशा वेळी दुकानातल्या जुन्या साठ्यातलं तयार यंत्र स्वस्त पडू शकतं.

गेल्या उन्हाळ्यात आमचा संगणक आपोआप बंद पडू लागला. मी शाळेतून आले तर लेकीने झाकण काढून, रंगाच्या कोरड्या ब्रशने पंख्यावरचा धुळीचा थर झाडायला घेतला होता. आणि बॅटरी धरून उभे होते आमचे हे!

आता शेजारच्या वहिनींचं काम आलं आहे. त्यांचा संगणकही जोडलेला, पण दहा वर्षांचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मदत थांबवली, आणि विंडोज ११ त्यांच्या जुन्या प्रोसेसरला स्वीकारत नाही. लेकीच्या मते बोर्ड, प्रोसेसर नि रॅम बदलली की पुरे. डबा, एसएमपीएस, पडदा तेच राहतील. रविवारी दुपारी आम्ही दोघी तिकडे जाणार आहोत. स्क्रूंसाठी एक वाटी काढून ठेवा, असं वहिनींना कळवलं आहे.