तारा आणि अन्-तारा

पुणे, रविवार

चि. सई,


गेल्या डिसेंबरात इथून एक पुस्तक नेलंस, तिकडे दुसरं घेतलंस आणि निघाली दोन्ही एकच! तुझा मेसेज वाचून हसले. अवनी दोशीची ती कादंबरी २०१९ मध्ये आधी भारतात आली, ‘गर्ल इन व्हाइट कॉटन’. पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये तीच ‘बर्न्ट शुगर’ झाली आणि बुकरच्या अंतिम यादीत गेली. पहिलं नाव आईचं, म्हणजे संसार टाकून, लेकीला काखोटीला मारून पुण्याच्या आश्रमात गेलेल्या ताराचं. दुसरं मला लेकीचं वाटतं. विसरत चाललेल्या आईला ती समजून-उमजून साखर चारते ना, तिथे मी पुस्तक उपडं घातलं आणि चहा करायला उठले. बिनसाखरेचा प्यायले.

दोशी जन्मली न्यू जर्सीत, पण आजोळ पुण्याचं. त्या नातेवाइकांतल्या काहींचा ओशो आश्रमाशी संबंध होता. सात वर्षांत आठ खर्डे केले बाईंनी. मध्येच आजीला अल्झायमर झाला आणि तो आजार पुस्तकात शिरला.

लेक आपल्यासारखी होऊ नये म्हणून तारा तिचं नाव अंतरा ठेवते. अन्-तारा. इंग्रजी वाचकाला हे फोडून सांगावं लागतं. आपल्या कानाला मात्र त्यात आधी ‘अंतर’च ऐकू येतं.

तू विचारलंस, मावशी कुणाच्या बाजूने? आश्रम, क्लबबाहेरची भीक, मग पाचगणीची बोर्डिंग शाळा, इथवर मी लेकीच्या बाजूने होते. पुढे लक्षात आलं, सगळं सांगतेय तीच. आईला आठवतच नाही, म्हणजे उलटतपासणी करणारं कुणी नाही.

मला अकरावीला वसतिगृहात धाडलं, तेव्हा तुझी आजी एसटी स्टँडवरसुद्धा आली नव्हती. चाळीस वर्षं मी हे सांगत आलेय. परवा तुझी आई म्हणाली, आली होती की, रसवंतीच्या आडोशाला रडत उभी होती, मीच धरून घरी आणलं. मी उठून सरळ आजीलाच विचारलं.

“कोणती एसटी गं?” म्हणाली.

तुझी जास्तीची प्रत येताना घेऊन ये. माझी तुझ्या आईने नेलीय आणि परत द्यायचं नाव काढत नाही.

तुझी,
मावशी