पायथ्याशी उभे राहून

आमच्या घरी आजोबांना हात लावून उठवायचे नाही, असा नियम आहे. पायथ्याशी उभे राहायचे आणि हाक मारायची. लहानपणी एकदा मी हे विसरलो. त्यांनी माझे मनगट असे पकडले की आजीला ते सोडवावे लागले. नंतर दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र जिलबी घेऊन आले.

आजोबा ब्रिगेड ऑफ द गार्ड्समध्ये होते. तिचे रेजिमेंटल सेंटर आपल्या कामठीला आहे. १९७१ च्या डिसेंबरात गंगासागरच्या लढाईत धारातीर्थी पडलेले, मरणोत्तर परमवीरचक्र मिळालेले लान्स नायक अल्बर्ट एक्का याच रेजिमेंटचे. त्यांच्याविषयी आजोबा तासभर बोलतील. स्वतःविषयी विचारले की अंगणात निघून जातात.

७ डिसेंबर हा ध्वजदिन. १९४९ पासून या दिवशी माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी निधी गोळा होतो. यंदा मीही वर्गावर्गांतून डबा फिरवला. (काही मित्रांनी केवळ मला टाळण्यासाठी नाणी टाकली, त्यांचेही आभार!) घरी आल्यावर आजीने विचारले, "कुटुंबासाठी म्हणजे कशासाठी रे?"

"मुलांचे शिक्षण, औषधपाणी..." मी सांगू लागलो.

"आणि हे रात्री ओरडत उठतात, मी दिवा लावून बसते न बापा, ते कशात बसते?"

मला उत्तर आले नाही. त्याच रात्री दोनच्या सुमारास पलीकडे दिवा लागला. आजवर अशा वेळी मी कूस बदलून झोपत असे. त्या रात्री उठलो, पायथ्याशी उभा राहिलो आणि आजोबांना हाक मारली.