नदीची खालची धोका पातळी

पावसाळ्यात सकाळी उठलो की पहिलं काम ठरलेलं. जिल्हा नियंत्रण कक्षाचा मेसेज उघडायचा. जगबुडी, इशारा पातळी ५ मीटर, धोका पातळी ७ मीटर. मग वाशिष्ठी, शास्त्री, बाव, काजळी, मुचकुंदी, कोदवली. बातमी करायची, ग्रुपवर फॉरवर्ड करायची. इतकी वर्षं केलंय की आकडे तोंडपाठ झालेत. पाऊस गेला की मेसेज बंद, आणि नदी आमच्या बातम्यांतून गायब. ती परत येते थेट एप्रिलात, टँकरच्या बातमीत.

मागे एका टंचाई आढावा बैठकीत मी विचारलं होतं, "साहेब, पाणी वर किती चढलं की धोका हे ठरलंय. खाली किती उतरलं की धोका?" साहेब हसले. "अहो, नदीला पाणी कशाला लागतंय? पाणी माणसाला लागतं!" सगळी बैठक हसली. मीपण हसलो, हे कबूल करतो.

पण हा प्रश्न येडपटाचा नाही. त्याला शास्त्रात नाव आहे, पर्यावरणीय प्रवाह. कुठल्या महिन्यात नदीत किती पाणी वाहतं राहिलं तर मासे, डोह, काठच्या विहिरी आणि खाडी जगेल, याचा हिशेब. २०१७ मध्ये हरित लवादाने सगळ्या राज्यांना सांगितलं, कोरड्या हंगामातल्या सरासरी प्रवाहाच्या १५ ते २० टक्के पाणी नदीत ठेवा. २०१८ मध्ये गंगेसाठी अधिसूचना निघाली. उगमाच्या हिमनद्यांपासून हरिद्वारपर्यंतच्या टप्प्यात थंडीत २० टक्के, पावसाळ्यात ३० टक्के, मधल्या महिन्यांत २५.

आता हे टक्के उचलून कोकणात लावले की झालं, असं वाटेल. तसं नाही. गंगेला उन्हाळ्यात बर्फाचं पाणी येतं. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तो चार महिन्यांत पडून मोकळा. वर्षाच्या सरासरीचे दहा टक्के धरायची एक जुनी अमेरिकन पद्धत आहे. ती काजळीला लावली तर मे महिन्यात नदीला तिच्याजवळ मुळातच नसलेलं पाणी द्यावं लागेल! त्यामुळे प्रत्येक नदीचं महिन्यावार वेगळं गणित मांडावं लागतं. आणि नुसतं 'किती' नाही, 'कधी' हेही. जूनच्या पहिल्या लोंढ्याला चढणीचे मासे वर येतात. तो लोंढा बंधाऱ्याच्या न काढलेल्या फळ्यांनी अडला, तर पुढे जुलैत कितीही पाणी सोडा, त्यांची वेळ गेलेली असते.

'कधी'चं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. भर मे महिन्यात चिपळूणच्या पुलावरून खाली बघा, वाशिष्ठी वाहताना दिसेल. ते पाणी तिचं नाही. ते घाटावरच्या कोयनेचं. कृष्णा खोऱ्यातलं ६७.५ टीएमसी पाणी वर्षाला पश्चिमेकडे वळवायची मुभा आहे. ते पोफळी, अलोऱ्याला वीज करून वाशिष्ठीत उतरतं आणि दाभोळला समुद्राला मिळतं. कोयनेची वीज मुख्यतः जास्त मागणीच्या तासांना लागते. म्हणजे शहरांतले एसी चालू झाले की आपली नदी चढणार, बंद झाले की उतरणार. गोवळकोटकडचे एक मासेमारी करणारे काका मला म्हणाले, "भरतीची वेळ आमका कळते रे, कोयनेची वेळ कोण सांगणार?"

साठ वर्षं नदीने हे अंगवळणी पाडून घेतलंय. चिपळूण शहर हेच पाणी पितं, लोट्याचे कारखाने यावरच चालतात. खाडीत खारं पाणी वर चढत नाही तेही याच्यामुळे. आणि आता हे अवजल मुंबईकडे न्यायची चर्चा पुन्हा पुन्हा होते. प्रत्येक भाषणात तेच वाक्य, "समुद्रात वाया जाणारं पाणी." खाडीतल्या माशांना, खारफुटीला, काठच्या विहिरींना विचारा वाया जातं का ते.

मुंबईला पाणी देऊच नका असं मी म्हणत नाही. तिथे आपलीच माणसं राहतात, अर्धी गावं तिथेच आहेत. माझं म्हणणं एवढंच, की पाइपलाइनचा व्यास ठरायच्या आधी वाशिष्ठीत महिन्यावार किती पाणी राहणार तो आकडा कागदावर यायला हवा. दक्षिण आफ्रिकेने १९९८ च्या जल कायद्यात नदीचा वाटा आधी राखून ठेवला, बाकीचं वाटप नंतर. तिथे जलतज्ज्ञ, माशांचे अभ्यासक एकत्र बसून तो ठरवतात. आपल्याकडे बसायचं झालं तर भोई आणि गाबीत बांधवांनाही खुर्ची द्या, त्यांनी नदी आपल्यापेक्षा जास्त बघितलीय.

माझ्यापुरतं मी एक सुरू केलंय. फेब्रुवारीपासून दर शनिवारी आंजणारीच्या पुलावर थांबून खालच्या त्याच एका खांबाचा फोटो काढतो. पाणी कुठे आहे, वाहतंय की साचलंय, तारीख घालून वहीत लिहितो. तुमच्या गावाजवळच्या पुलाचा असा फोटो काढणार असाल तर मला मेसेज करा. जगबुडी आणि मुचकुंदीवर अजून कोणी मिळालेलं नाही.