अकाकीची नक्कल

गोगोलच्या १८४२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओव्हरकोट’ या कथेत एक प्रसंग येतो. कचेरीतल्या एका सहृदय वरिष्ठाला वाटते, की अकाकी अकाकियेविच या कारकुनाला जन्मभर नुसत्या नकलाच काय उतरवायला लावायच्या. थोडे वरच्या पायरीचे काम द्यावे. काम तसे क्षुल्लकच असते. तयार कागदाचे शीर्षक बदलायचे आणि काही क्रियापदे प्रथमपुरुषातून तृतीयपुरुषात न्यायची. अकाकीला दरदरून घाम फुटतो, आणि अखेर तो आपल्याला नकलेचेच काम द्यावे अशी विनवणी करतो. बहुतेक वाचक या प्रसंगाला हसतात, अकाकीच्या बुद्धीची मर्यादा सिद्ध झाली असे मानतात आणि पुढे जातात. गोगोलने तेथेच सांगून ठेवलेली दुसरी गोष्ट त्यामुळे निसटते. नक्कल करताना या माणसाला स्वतःचे असे एक सुखाचे जग दिसत असे. काही अक्षरे त्याची लाडकी होती. ती आली की तो हसे, डोळे मिचकावी, ओठ हलवी. लेखणी कोणते अक्षर काढते आहे ते त्याच्या चेहऱ्यावरून वाचता यावे, अशी त्याची अवस्था होई.

युरी नोर्श्तेइन या रशियन दिग्दर्शकाने १९८१ मध्ये या कथेवर अॅनिमेशनपट करायला घेतला, तो या चेहऱ्यासाठीच असे म्हणावेसे वाटते. चार दशकांहून अधिक काळ लोटला. चित्रपट पूर्ण झालेला नाही. जे अंश प्रेक्षकांसमोर आले, त्यांत बर्फातून घरी परतलेला अकाकी मेजाशी बसतो आणि नक्कल करू लागतो. पापणी, भुवई, ओठाची कड असे इवलेइवले तुकडे हलत राहतात आणि कागदाच्या कपट्यांतून एक म्हातारे मूल आकाराला येते. मराठीत या चित्रप्रकाराला पूर्वी ‘व्यंगपट’ म्हटले जात असे. येथे व्यंग कोठेही नाही, आणि हे दृश्य पाहिल्यावर तो शब्द वापरवत नाही.

नोर्श्तेइनचा जन्म १५ सप्टेंबर १९४१ चा, पेन्झा प्रांतातल्या आंद्रेयेव्का या खेड्यातला. जर्मन आक्रमणामुळे कुटुंब मॉस्को सोडून तेथे गेले होते. बालपण मात्र मॉस्कोच्या मारिना रोश्चा या वस्तीत, अनेक कुटुंबांनी वाटून घेतलेल्या जुन्या घरात गेले. कलाशाळांनी प्रवेश नाकारला, म्हणून काही काळ त्याने फर्निचरच्या कारखान्यात काम केले. नंतर सोयुझमुल्तफिल्म या सरकारी स्टुडिओचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून १९६१ मध्ये तो तेथेच नोकरीला लागला. इतरांच्या चित्रपटांतील बाहुल्या हलवण्यात त्याची पुढची वर्षे गेली. दिग्दर्शक व्हावे असे वाटायला लावले ते आयझेनस्टाइनच्या समग्र लेखनाच्या सहा खंडांनी, असे तो सांगत आला आहे. चित्रकाराला दिग्दर्शनाकडे ग्रंथ नेतात, ही गोष्ट आपल्याकडील ‘पुस्तकी’ या शब्दाच्या तुच्छतार्थावर पुनर्विचार करायला लावणारी आहे. आर्काडी त्यूरिनसह केलेल्या पहिल्या चित्रपटात (१९६८) वरिष्ठांनी फेरफार करायला लावले. पुढचा क्रम परिचित आहे: ‘कोल्हीण आणि ससा’ (१९७३), ‘बगळा आणि क्रौंच’ (१९७४), ‘धुक्यातला साळू’ (१९७५). ‘साळू’मधल्या धुक्याचे रहस्य म्हणजे एक अतिशय पातळ कागद. तो आकृतीवर ठेवून हळूहळू कॅमेऱ्याकडे उचलत नेला, की साळू विरत जातो.

या साध्या युक्तीत त्याच्या कलेचे सूत्र आहे. त्याच्या आकृत्या कापून काढलेल्या तुकड्यांच्या असतात. एकावर एक बसवलेल्या काचांवर त्या मांडायच्या, केसभर सरकवायच्या, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायच्या. पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस चौकटी लागतात. हालचाल आधी कागदावर रेखाटून तपासण्याची सोय नाही. चूक झाली तर ते दृश्य पुन्हा पहिल्यापासून. येथे रचना आणि लेखन या दोन वेगळ्या क्रिया उरत नाहीत.

‘कथांची कथा’ (१९७९) हा एकोणतीस मिनिटांचा चित्रपट या पद्धतीचे शिखर होय. ल्युदमिला पेत्रुशेव्स्काया या लेखिकेसह लिहिलेल्या संहितेचे मूळ नाव एका अंगाईतून आले होते. काठाशी झोपलेल्या बाळाला करडे लांडग्याचे पिल्लू येऊन धरील, अशी ती अंगाई. आपल्याकडच्या बागुलबुवाचेच हे भावंड. अधिकाऱ्यांना ते नाव रुचले नाही आणि नाझिम हिकमतच्या कवितेचे शीर्षक घेतले गेले. स्मृतीला कथानक नसते आणि या चित्रपटालाही नाही. दिव्याखाली जोडपी तँगो नाचत असतात. बायकांच्या मिठीतून एकेक पुरुष नाहीसा होतो आणि बाई रिकाम्या हातांनी उभी राहते. युद्धावर असंख्य चित्रपट निघाले, पण एवढ्या थोड्या साधनांत एवढे सांगणारे दृश्य क्वचितच सापडेल.

सर्वांत विलक्षण प्रसंग त्यानंतरचा आहे. लांडग्याचे पिल्लू कवीच्या मेजावरून एक कागद पळवते. धावता धावता त्या गुंडाळीतून रडणे ऐकू येते, आणि कागदाचे तान्हे मूल झालेले असते. चोर गडबडतो, बाळाला झाडीत नेतो, पाळण्यात घालून झोके देऊ लागतो. ज्याची भीती घालून मुले झोपवायची, तोच अंगाई म्हणतो. संहिता ही निर्जीव वस्तू नसून सांभाळण्याची जबाबदारी असते, असा विचार वाक्यात मांडला की सपाट होतो. पण पिल्लाच्या घाबऱ्या डोळ्यांत तो जराही सपाट वाटत नाही. लेखकाच्या मृत्यूची चर्चा करणाऱ्या समीक्षेने हा प्रसंग जरूर पाहावा. येथे लेखक मागे मेजाशी राहतो आणि कागद ज्याच्या हाती लागला त्याची झोप उडते. १९८४ मध्ये लॉस एंजेलिस येथे आणि २००२ मध्ये झाग्रेब येथे घेतलेल्या कौलांत हा चित्रपट जगातील सर्वश्रेष्ठ अॅनिमेशनपट ठरला.

यानंतर ‘ओव्हरकोट’. साहित्याच्या अभ्यासकाला येथे एक अडचण ताबडतोब दिसते. बोरिस आयखेनबाउमने १९१९ मध्ये या कथेच्या घडणीवर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले, की कथेचे सत्त्व कथानकात किंवा कारकुनाविषयीच्या करुणेत नाही. ते निवेदकाच्या आवाजात, शब्दांच्या ध्वनीत, बोलण्याच्या हावभावात आहे. हे मान्य केले, तर जवळजवळ मूक राहू पाहणाऱ्या चित्रपटाने गोगोलमधून घ्यायचे तरी काय? केवळ कथानक घेणारी रूपांतरे निघतात आणि विसरली जातात. नोर्श्तेइनची वाट वेगळी आहे. आयखेनबाउमला ध्वनीत जो अभिनय ऐकू आला, तो येथे पुन्हा चेहऱ्यावर आणला जातो. निवेदक मध्येच अडखळतो, शब्दाशी खेळतो, नको त्या तपशिलात रमतो. पडद्यावर अकाकीचा हात तसाच अडखळतो आणि रमतो. मराठीतल्या ‘नक्कल’ या शब्दाला लेखनाची प्रत आणि अभिनयातले अनुकरण हे दोन्ही अर्थ आहेत. या चित्रपटाविषयी बोलताना ते वेगळे काढता येत नाहीत.

हे काम वेगाने होण्यासारखे नव्हते, आणि सोयुझमुल्तफिल्ममध्ये कामाचे नियतकाल ठरलेले असे. दिग्दर्शक फार संथ आहे, या कारणावरून ऐंशीच्या दशकाच्या मध्याला त्याला स्टुडिओतून काढून टाकण्यात आले. तोवर जेमतेम दहाएक मिनिटांचा चित्रपट तयार होता. १९९१ मध्ये सोव्हिएत राज्य गेले. नव्या व्यवस्थेने त्याला कोणतेही नाव बदलायला लावले नाही. पैसेही दिले नाहीत. नव्वदच्या दशकात त्याने साखरेच्या जाहिराती केल्या, लहान मुलांच्या रात्रीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाची शीर्षकदृश्ये केली. बाशोच्या कवितेवर आधारलेल्या ‘हिवाळ्याचे दिवस’ (२००३) या सामूहिक जपानी चित्रपटाचा आरंभीचा अंश केला. योजनेचे घड्याळ आणि बाजाराचे घड्याळ यांत त्याच्या दृष्टीने फारसा फरक पडला नसावा.

तरीही या अपूर्णतेचे स्तोत्र गाण्याचा मोह टाळलाच पाहिजे. अपूर्ण कलाकृती हीच आपल्या काळाची खरी कलाकृती, असले विधान समीक्षेला फार स्वस्तात मिळते. अपूर्णता म्हणजे सखोलता नव्हे. गोगोलनेही ‘मृत आत्मे’चा दुसरा भाग १८५२ मध्ये जाळला; त्यावरून तो भाग थोर होता असे सिद्ध होत नाही, आणि क्षीण होता असेही नाही. ‘ओव्हरकोट’चे जे अंश पाहायला मिळतात, त्यांवर मत देता येते: मनुष्याच्या एकाग्रतेचे इतके सूक्ष्म चित्रण या कलाप्रकारात अन्यत्र नाही. न पाहिलेल्या भागाबद्दल त्याच्या नावावर काही जमा धरणे हा भाविकपणा झाला. विलंबाचा सगळा दोष व्यवस्थेवर टाकणेही खरे नव्हे. प्रत्येक चौकटीपाशी थांबणारा हा हात निश्चिंत परिस्थितीतही थांबलाच असता.

आणखी एक गोष्ट या चर्चांत तळटीपेएवढीही जागा घेत नाही. फ्रान्चेस्का यार्बुसोवा ही नोर्श्तेइनची पत्नी आणि या चित्रपटांची कलादिग्दर्शिका. साळू तिने काढला, लांडग्याचे पिल्लू तिने काढले, अकाकीचा चेहराही तिच्याच रेखाटनांतून आला. नेमका तो चेहरा हाती येईपर्यंत तिने पुन:पुन्हा काढून टाकून दिलेली चित्रे किती असतील, हा विचार ‘दिग्दर्शक हाच कर्ता’ मानणाऱ्या सिद्धांताला कधी शिवलेला दिसत नाही. ‘साळू’चा छायाचित्रकार अलेक्सांद्र झुकोव्स्की १९९९ मध्ये वारला, आणि ‘ओव्हरकोट’चे काम बराच काळ थंडावले. एका नावाने ओळखला जाणारा हा चित्रपट खरे तर तिघांच्या हातांवर उभा होता. चित्रपटसूचीत त्याच्यापुढे १९८१ हे वर्ष आणि एक आडवी रेघ असते. त्या ओळीत यार्बुसोवाचे नाव शोधावे लागते.